भाग १४ : मांडणी सरळ, आवराआवर उलटी



मागच्या भागात आपण एक ऑटोमेटेड टेस्ट कशी लिहायची ते पाहिलं. आज टेस्टच्या आधी आणि टेस्टच्या नंतर जे काम चालतं, त्याबद्दल बोलू. आधीच्या कामाला सेटअप म्हणतात, नंतरच्या कामाला टेअरडाउन. मी मात्र ‘मांडणी’ आणि ‘आवराआवर’ म्हणणार आहे. आमचं सॉफ्टवेअर ट्रकच्या वजनकाट्याचं, आणि काट्यावर रिकाम्या गाडीच्या वजनाला ‘टेअर’ म्हणतात. ‘टेअर’ आणि ‘टेअरडाउन’ एकाच वाक्यात आले की गोंधळ होतो. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये माझाच झाला होता.

या भागापासून वाचायला सुरुवात करणाऱ्यांसाठी दोन ओळी. मी फौजेत इंजिनिअर्समध्ये होतो, आमच्या भाषेत सॅपर. वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीसाठी विदर्भातून इकडे आले आणि इकडचेच झाले. निवृत्त झाल्यावर मीही परत आलो. रसमडा हे दुर्ग आणि राजनांदगावच्या मधलं स्टेशन, हावडा-मुंबई लाईनवरचं. व्हिडिओत मागे मालगाड्या ऐकू येतात त्या याच. आजूबाजूला लोखंडाचे लहानमोठे कारखाने आहेत आणि प्रत्येकाच्या गेटवर काटा आहे. माझी मुलगी या काट्यांचं सॉफ्टवेअर करते आणि मी तिच्याकडे टेस्टिंग करतो. ती मालक, मी कामगार. पगारावरून अजून भांडण झालेलं नाही.

आता मूळ मुद्दा. तो मी एका फजितीपासून सांगतो, कारण फजिती माझी स्वतःची आहे.

एका कारखान्यात आम्ही नवीन आवृत्ती बसवली होती. रविवारी रात्री काटा बंद असतो, तेव्हा जागेवर जाऊन टेस्ट चालवायच्या असं ठरलं. डेटाबेसची प्रत काढून तिच्यावर टेस्ट घ्यायला हव्या होत्या, पण त्या रात्री तशी सोय झाली नाही, आणि मी म्हणालो, ‘चालेल, आपण सगळं जसंच्या तसं परत ठेवणार आहोत ना!’ हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

माझ्या मांडणीत चार पायऱ्या होत्या. पहिली, डेटाबेसशी जोडणी उघडायची. दुसरी, एका ठरावीक गाडीचं साठवलेलं रिकामं वजन वाचून बाजूला ठेवायचं आणि त्या जागी टेस्टचं वजन, ९,००० किलो, टाकायचं. तिसरी, काट्याच्या खऱ्या इंडिकेटरऐवजी आमचा नकली इंडिकेटर सिरियल पोर्टवर जोडायचा. चौथी, ऑपरेटर म्हणून लॉगिन करायचं. आवराआवर याच्या बरोबर उलटी लिहिली होती: लॉगआउट, पोर्ट सोडणे, मूळ वजन परत ठेवणे, जोडणी बंद. कागदावर सगळं शिस्तीत होतं.

टेस्ट सुरू केल्या आणि तिसऱ्या पायरीवर सगळं थांबलं. रात्रपाळीच्या ऑपरेटरने जुनं सॉफ्टवेअर उघडंच ठेवलं होतं आणि पोर्ट त्याच्या ताब्यात होता. मी ते बंद केलं आणि टेस्ट पुन्हा चालवल्या. सगळ्या हिरव्या. अकराच्या आत मी घरी पोहोचलो होतो.

काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. नसेल तर दुसरी पायरी परत वाचा. पहिल्या वेळी गाडीचं वजन बदललं गेलं आणि तिसऱ्या पायरीवर मांडणी कोसळली. मांडणी अर्धवट राहिल्यामुळे आवराआवर चाललीच नाही. म्हणजे डेटाबेसमध्ये ९,००० तसंच राहिलं. दुसऱ्या वेळी मांडणीने ‘मूळ’ वजन म्हणून काय वाचलं? तेच ९,०००. आणि शेवटी अगदी इमानदारीने तेच परत ठेवलं. आवराआवर चालली, क्रम बरोबर होता, एकही चूक दाखवली गेली नाही, आणि खोटं वजन खरं होऊन बसलं.

त्या गाडीचं खरं रिकामं वजन ११,२४० किलो. रोज येणाऱ्या गाड्या प्रत्येक वेळी रिकाम्या तोलत नाहीत, साठवलेलं वजन वापरतात. सोमवारी ती गाडी माल भरून बाहेर पडताना काट्यावर चढली: २७,३१० किलो. खरा माल १६,०७० किलो होता आणि लोडिंगच्या पावतीवरही सोळा टन लिहिलं होतं. काट्याने दाखवले १८,३१०. म्हणजे पावतीपेक्षा सव्वादोन टन माल जास्त. गेटवर याचा एकच अर्थ लावतात.

ड्रायव्हर बालोदकडचा होता. सकाळी अकराला त्याला बाजूला उभं केलं ते संध्याकाळपर्यंत. किल्ली काढून घेतली, लोडिंगच्या पोरांना बोलावलं, कोणी कोणाशी संगनमत केलं याची विचारपूस झाली. तो एकच गोष्ट परत परत सांगत होता, ‘गाडी रिकामी करा आणि तोला.’ पाच वाजता कोणीतरी ऐकलं. गाडी रिकामी झाली, काट्यावर ११,२४० आलं, आणि मग आम्हाला फोन आला.

आता या चुकीची चिरफाड करू.

पहिला प्रश्न, आवराआवर चाललीच का नाही? हा माझ्या लायब्ररीचा दोष नव्हता, नियमच तसा आहे. सेटअप आणि टेअरडाउन ही जोडी केंट बेक यांच्या स्मॉलटॉकसाठीच्या एसयुनिटमधून आली. ते काम १९९४ चं. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बेक आणि एरिक गामा यांनी जावासाठी जेयुनिट लिहायला घेतलं, आणि पायथॉनची युनिटटेस्ट ही लायब्ररी पुढे त्याच वळणावर गेली. सुरुवातीच्या जेयुनिटमध्ये नियम असा होता की सेटअप बिनचूक पूर्ण झालं तरच टेअरडाउन चालेल. पायथॉनच्या युनिटटेस्टमध्ये तो नियम आजही आहे. मी युनिटटेस्ट वापरत होतो. नियम मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेला आहे. मी मॅन्युअल वाचलं नव्हतं. फौजेत असतो तर मीच मला एक्स्ट्रा ड्यूटी लावली असती.

जेयुनिटच्या चौथ्या आवृत्तीने, २००६ मध्ये, हे बदललं. तिथे ‘आफ्टर’ची खूण असलेली प्रत्येक मेथड चालतेच, मग ‘बिफोर’मध्ये चूक होवो की टेस्टमध्ये. पण यात दुसरी अडचण येते. जी वस्तू मांडलीच गेली नाही ती आवरायला जातो आपण. पोर्ट उघडलाच नाही आणि ‘पोर्ट बंद कर’ म्हटलं की तिथे नवी चूक उभी राहते, आणि पडद्यावर दोन-तीन चुका एकदम दिसल्या की खरी कुठली ते शोधावं लागतं. तेव्हा ‘चालवायची की नाही’ या दोन टोकांत उत्तर नाही. जेवढं मांडलं तेवढंच आवरायचं, आणि उलट्या क्रमाने आवरायचं, हे हवं.

उलट्या क्रमाने का, ते एकदा नीट सांगतो, कारण पुष्कळ जण हा नियम पाठ करतात पण कारण विचारलं की अडखळतात. वजन परत ठेवायला डेटाबेसची जोडणी लागते. जोडणी आधी तोडली तर वजन परत कसं ठेवणार? जी गोष्ट नंतर मांडली ती आधी मांडलेल्या गोष्टीच्या आधारावर उभी असू शकते. म्हणून वरची आधी काढायची. मांडव उतरवताना कोणी आधी खांब उपटत नाही, तसंच हे.

आता जेवढं मांडलं तेवढंच आवरायचं, हे साधायचं कसं? इथे मला माझं जुनं काम आठवतं.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. पश्चिम सीमेवर फौज जमली आणि सुरुंग पेरले गेले. पुढच्या वर्षी फौज मागे घ्यायचं ठरलं, तेव्हा ते सुरुंग काढायचे होते. सुरुंग पेरणं अवघड, काढणं त्याहून अवघड. वाळू सरकते, तिच्याबरोबर सुरुंगही सरकतो. पेरताना आणि काढताना, दोन्ही वेळा जवान जखमी झाले, जिवानिशी गेले. त्या कामात सॅपरला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवतात: नोंद काम संपल्यावर करायची नसते, पेरता पेरता करायची असते. ओळ कुठून सुरू झाली, किती पावलांवर काय आहे, हे त्याच वेळी कागदावर येतं. सुरुंग जिवंत केला की त्याची पिन जमा होते आणि शेवटी पिनांची मोजणी सुरुंगांच्या मोजणीशी जुळावी लागते. अर्ध्यात गोळीबार सुरू झाला आणि काम सोडावं लागलं, तरी जेवढं पेरलं तेवढ्याची नोंद हातात असते. ‘सगळं पेरून झाल्यावर संध्याकाळी तंबूत बसून नकाशा काढू’ असं म्हणणारा अधिकारी मी पाहिला नाही. आणि तोच मी, पंधरा-सोळा वर्षांनी, सगळी आवराआवर एका वेगळ्या फंक्शनमध्ये शेवटी लिहून मोकळा झालो होतो.

युनिटटेस्टमध्ये याचा उपाय आहे. पायथॉन २.७ पासून, म्हणजे २०१० पासून, ‘अ‍ॅड-क्लीनअप’ नावाची मेथड मिळते. एखादी गोष्ट मांडली की लगेच, पुढची पायरी सुरू करण्याआधी, ती आवरायचं काम नोंदवायचं. नोंदवलेली कामं शेवटी उलट्या क्रमाने चालतात, शेवटचं आधी. आणि मुख्य म्हणजे मांडणी अर्ध्यात कोसळली तरी तोवर नोंदवलेली कामं चालतात. गो भाषेत ‘डिफर’ आहे, तो याच जातीचा.

या मालिकेत आपण कोड मराठीत लिहितो, तसंच लिहितो. सुधारलेली मांडणी अशी:

जोडणी उघड. नोंदव: ‘जोडणी तोड.’
मूळ वजन वाच, फाईलमध्ये लिही. नोंदव: ‘फाईलमधलं वजन परत ठेव, फाईल पुसून टाक.’
टेस्टचं वजन टाक.
पोर्ट उघड. नोंदव: ‘पोर्ट सोड.’
ऑपरेटर आत घे. नोंदव: ‘ऑपरेटर बाहेर काढ.’

बारकाईने पाहा. पोर्टच्या बाबतीत आधी उघडलं, मग नोंदवलं. वजनाच्या बाबतीत आधी नोंदवलं, मग बदललं. हा फरक मुद्दाम आहे. पोर्ट उघडलाच नाही तर सोडण्यासारखं काही नसतं, म्हणून उघडल्यावर नोंद. वजनाचं तसं नाही. ‘टेस्टचं वजन टाक’ या पायरीत डेटाबेसने वजन बदललं आणि उत्तर येण्याआधी जोडणी तुटली, तर आपल्याला चूक दिसेल पण वजन बदललेलं असेल. तेव्हा नोंद आधी झालेली बरी. वजन बदललं नसलं तरी मूळ वजन परत ठेवल्याने काही बिघडत नाही. तेव्हा प्रत्येक पायरीला विचारायचं: हे काम न होता त्याची आवराआवर चालली तर काही बिघडेल का? बिघडत नसेल तर नोंद आधी. बिघडत असेल तर नोंद लगेच नंतर, मध्ये एकही ओळ न घालता.

फाईल कशाला, मूळ वजन प्रोग्रामच्या मेमरीत का नाही? कारण आमच्याकडे बत्ती गुल होते. मशीनच बंद पडलं तर कुठलीही लायब्ररी कुठलीही आवराआवर चालवत नाही, मग तिच्या मॅन्युअलमध्ये ‘हमखास’ असं लिहिलेलं असो. प्रोग्राम बाहेरून मारला तरी तेच. म्हणून मांडणीचं सर्वांत पहिलं काम आता असं आहे की जुनी फाईल पडलेली आहे का ते बघायचं. असेल तर मागची फेरी अर्ध्यात मेली आहे. मग आधी ते वजन परत ठेवायचं, आणि नंतरच नव्याने सुरुवात. त्या रविवारी एवढं एक केलं असतं तरी दुसऱ्या फेरीत ९,००० ला ‘मूळ’ म्हणायची वेळ आली नसती.

आता क्रमाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. आत्तापर्यंत एका टेस्टची चार पायऱ्यांची मांडणी होती. खऱ्या कामात शंभर टेस्ट असतात आणि त्यांना वेगवेगळी मांडणी लागते. कोणाला नुसती जोडणी, कोणाला जोडणी आणि ऑपरेटर, कोणाला सगळंच. मग कुठलं काम आधी, हे कोण ठरवणार?

मी आधी काय केलं ते सांगतो, कारण बहुतेक जण हेच करतात. फंक्शनांना नंबर दिले. एक, दोन, तीन, चार. फौजी माणूस, नंबर दिल्याशिवाय चैन पडत नाही. मुलीने दोन आणि तीनच्या मध्ये शिफ्टची तारीख ठरवणारी पायरी घातली, ती झाली ‘दोन-अ’. मग ‘दोन-अ-एक’ आला. तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, हा सातबारा आहे की सॉफ्टवेअर?’

नंबरांचा आणखी एक तोटा आहे. युनिटटेस्ट टेस्टची नावं अक्षरांच्या क्रमाने लावते, आकड्यांच्या नाही. म्हणून ‘टेस्ट_१०’ ही ‘टेस्ट_२’ च्या आधी येते. नऊपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि दहावी टेस्ट लिहिली त्या दिवशी बिघडतं.

आणि नुसत्या जागेवर भरवसा ठेवणं, म्हणजे फाईलमध्ये जे वर लिहिलंय ते आधी चालेल असं धरणं, त्याहून वाईट. जावाच्या जगात याचा मोठा धडा मिळाला. वर्षानुवर्षं जेयुनिटच्या टेस्ट बहुतेक वेळा फाईलमध्ये लिहिलेल्या क्रमाने चालत. तसं वचन कोणीच दिलं नव्हतं, जावाचं यंत्र योगायोगाने तसा क्रम देत होतं. २०११ मध्ये जावाची सातवी आवृत्ती आली आणि तो योगायोग संपला. ज्या टेस्ट एकमेकींच्या उरल्यासुरल्या सामानावर जगत होत्या त्या कधी पास, कधी नापास होऊ लागल्या. २०१२ मध्ये आलेल्या जेयुनिट ४.११ ने क्रम ठरावीक केला, म्हणजे दर वेळी तोच येईल असा, पण तो कसा असेल याचा अंदाज बांधता येऊ नये असाही ठेवला. मुद्दाम. लोकांनी त्यावर विसंबू नये म्हणून. मला हे फार आवडलं. एकाच क्लासमध्ये दोन ‘बिफोर-ईच’ मेथड असतील तर आजच्या जेयुनिटमध्येही त्यांचा क्रम असाच, स्थिर पण उघड नसलेला. एक दुसरीवर अवलंबून असेल तर दोन मेथड करूच नका, एकच करा, असा सल्ला तिथे दिलेला आहे. वारशाच्या बाबतीत मात्र क्रम पक्का आहे: आईक्लासची मांडणी आधी, लेकीची नंतर, आणि आवरताना लेकीची आधी.

मग बरोबर पद्धत कोणती? ‘कितवा’ हे सांगायचं नाही, ‘कोणावर उभा’ हे सांगायचं. क्रम लायब्ररी काढेल.

पायटेस्टमध्ये हे फार सरळ आहे. मांडणीच्या प्रत्येक तुकड्याला फिक्स्चर म्हणतात. ‘टेस्टचं वजन’ या फिक्स्चरला जोडणी लागते, तर त्याने आपल्या कंसात ‘जोडणी’ हे नाव लिहायचं. बस्स. ऑपरेटरला जोडणी लागते, त्यानेही लिहायचं. फिक्स्चरच्या मध्यावर ‘यील्ड’ हा शब्द असतो. त्याच्या वर मांडणी, खाली आवराआवर. मांडणी आणि तिची आवराआवर एकाच ठिकाणी, एकमेकांच्या नजरेसमोर. आवरायचा क्रम आपोआप उलटा. एखादं फिक्स्चर ‘यील्ड’च्या आधीच कोसळलं तर त्याचा स्वतःचा खालचा भाग चालत नाही, पण त्याच्या आधी उभ्या राहिलेल्या सगळ्यांचा चालतो. यातूनच एक सवय लावून घ्या: एका फिक्स्चरमध्ये एकच बदल. चार पायऱ्या एकाच फिक्स्चरमध्ये कोंबल्या की आपण परत माझ्या रविवार रात्रीवर येतो.

यात एक गोष्ट नव्या लोकांना खटकते. नकली इंडिकेटर आणि ऑपरेटर या दोघांनी एकमेकांचं नाव घेतलेलं नाही. मग त्यांच्यात आधी कोण? उत्तर असं की तुम्हाला फरक पडता कामा नये. पडत असेल तर कुठेतरी न सांगितलेला आधार आहे. आमच्याकडे होता. लॉगिन होताना आमचं सॉफ्टवेअर काट्याचा शून्य तपासतं, म्हणजे पोर्ट आधी जिवंत हवा. हे मला ठाऊक होतं, मुलीला ठाऊक होतं, पण कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. नवीन मुलाने फिक्स्चरांची जागा बदलली आणि लॉगिन पडू लागलं. त्याला बोलणी खावी लागली, पण चूक आमची होती. ऑपरेटरच्या कंसात ‘पोर्ट’ लिहिलं आणि भानगड मिटली.

आधारापेक्षाही वरचा एक नियम आहे, मुदतीचा. जोडणी उघडायला वेळ लागतो, म्हणून ती सगळ्या टेस्टमिळून एकदाच उघडू, आणि वजन प्रत्येक टेस्टला नव्याने ठेवू. पायटेस्टमध्ये ही मुदत सांगता येते: पूर्ण सेशन, पॅकेज, मॉड्यूल, क्लास, किंवा एक फंक्शन. लांब मुदतीचं आधी उभं राहतं आणि शेवटी आवरलं जातं. लांब मुदतीच्या फिक्स्चरने कमी मुदतीचं फिक्स्चर मागितलं तर पायटेस्ट तिथेच नकार देतं. बरोबरच आहे. पलटणीचं लंगर एका जवानाच्या डब्यावर चालत नाही.

जावावाल्यांसाठी थोडक्यात. सेद्रिक ब्यूस्ट यांनी २००४ मध्ये काढलेल्या टेस्टएनजीमध्ये ‘डिपेंड्स-ऑन-मेथड्स’ लिहून हाच आधार सांगता येतो. तिथे एक खोच लक्षात ठेवा. मांडणीची मेथड पडली तर पुढच्या टेस्ट गाळल्या जातात आणि आवराआवरही गाळली जाते, जोवर तुम्ही त्या आवराआवरीवर ‘ऑलवेज-रन’ लावत नाही. ते बहुतेक लोक लावत नाहीत, आणि पहिल्या अपघातानंतर लावतात. जेयुनिटच्या पाचव्या आवृत्तीत एक्स्टेन्शन ज्या क्रमाने नोंदवाल त्या क्रमाने त्यांची मांडणी चालते आणि उलट्या क्रमाने आवराआवर, कांद्याच्या पाकळ्यांसारखी. एक्स्टेन्शन क्लासच्या फील्डमध्ये ठेवली असतील तर तिथे ‘ऑर्डर’ लिहून क्रम पक्का करा.

राहिला एक प्रश्न, आवराआवरच पडली तर? ऑपरेटर बाहेर काढताना चूक झाली म्हणून वजन परत ठेवायचं राहून गेलं, असं होऊ नये. अ‍ॅड-क्लीनअप आणि पायटेस्ट दोघेही एक काम पडलं तरी बाकीची चालवतात आणि चूक शेवटी दाखवतात. पण तुम्ही सगळी आवराआवर एका फंक्शनमध्ये ओळीने लिहिली असेल तर पहिल्याच पडलेल्या ओळीवर खेळ खलास. आवराआवरीची चूक गिळून टाकणारा कोड मी पुष्कळ ठिकाणी पाहतो: ‘काही झालं तरी पुढे जा, बोलू नका.’ पुढे जा हे ठीक. बोलू नका हे चूक. न झालेली आवराआवर लाल दिसलीच पाहिजे, टेस्ट हिरवी असली तरी.

कारखान्याचं सांगायचं राहिलं. आता तिथे खऱ्या डेटाबेसवर आम्ही एकही टेस्ट चालवत नाही, प्रत काढल्याशिवाय मी खुर्चीत बसत नाही. मंगळवारी मी त्या ड्रायव्हरला भेटायला ट्रान्सपोर्टच्या आवारात गेलो. त्याची सोमवारची फेरी बुडाली होती. मी सांगितलं की चूक काट्याची नव्हती, गाडीची नव्हती, माझी होती. फेरीचे पैसे मुलीने दिले, ते त्याने मोजून घेतले. चहा घेतला. मग विचारलं, ‘साहेब, गेटवरच्या लोकांनाही हे सांगितलं का?’ सांगितलं नव्हतं. कारखान्याच्या ऑफिसला पत्र गेलं होतं, गेटवर कोणी काही बोललं नव्हतं. तिथून मी थेट गेटवर गेलो आणि दोन्ही पाळ्यांच्या गार्डना, लोडिंगच्या पोरांसमोर, सगळं सांगितलं.

पुढच्या भागाआधी एक काम करा. तुमच्या मांडणीतली मधली एखादी पायरी मुद्दाम पाडा, नुसती एक चूक फेकणारी ओळ घाला, आणि टेस्ट चालवा. मग डेटाबेस उघडा आणि काय उरलंय ते डोळ्यांनी बघा. ती ओळ काढून पुन्हा चालवा आणि पुन्हा बघा. त्यानंतर हेच एकेक पायरी खाली सरकवत करा. आमच्या पाच पायऱ्यांना मला एक दुपार लागली आणि दोन ठिकाणी सामान उरलेलं सापडलं. पुढच्या भागात दोन टेस्ट एकाच वेळी चालवू, आणि दोघींना एकच पोर्ट हवा असेल तेव्हा काय करायचं ते पाहू.